सहा कोनांचं हिमफूल

हिमफुलाला कोन सहाच. पाच नाहीत, आठ तर मुळीच नाहीत. डिसेंबर लागला की म्हापशाच्या आणि पणजीच्या बाजारात ख्रिसमसच्या सजावटीचं सामान येतं. त्यात थर्माकोलची, चमकीच्या कागदाची, प्लास्टिकची हिमफुलं असतात आणि त्यांतली बरीचशी आठ टोकांची असतात. कागद दुमडत गेलं की आठ भाग सहज पडतात, सहा पाडायला थोडा हिशेब लागतो, म्हणून ती तशी होतात, हे मला कळतं. तरीही पटत नाही. ज्या वस्तूचं सगळं रूप एका आकड्यावर उभं आहे, तिचा तो आकडाच बदलला तर उरलं काय?

हे मी इतक्या ठामपणे म्हणते, पण आकाशातून बर्फ पडताना मी कधी पाहिलेला नाही. मी फोंडा तालुक्यातली. आमच्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा २० अंशांच्या आसपास उतरला की कपाटातून स्वेटर निघतात, कुळागरावर, म्हणजे सुपारीच्या बागेवर, धुकं बसतं, आंबा मोहरायला लागतो. एवढाच आमचा हिवाळा, आणि तो मला फार प्रिय आहे. पण मण्यांचे दागिने करायला घेतले तेव्हा मला धुकं किंवा मोहोर नव्हे, हिमफूलच करायचं होतं. असं का, ते मणी हातात आल्यावर उलगडलं.

कॅरमचा डाव मांडताना राणीभोवती पहिल्या कड्यात सहा सोंगट्या बसतात. पाचांत फट राहते, सातवी शिरत नाही. एकसारख्या आकाराचे मोती ताटलीत मांडले तरी तेच होतं: मधे एक, भोवती बरोबर सहा, त्यांच्या बाहेर बारा. योहानेस केप्लर या खगोलशास्त्रज्ञाला अंगावर पडलेल्या हिमकणांकडे बघून हाच प्रश्न पडला होता, की हे नेहमी सहाच कोनांचे का? १६११ साली त्याने त्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली आणि नववर्षाची भेट म्हणून आपल्या आश्रयदात्याला दिली. मधाच्या पोळ्याची घरं, डाळिंबाचे दाणे, एकमेकांना चिकटून रचलेले गोळे असं सगळं त्याने तपासलं, आणि प्रश्न पुढच्यांसाठी मोकळा ठेवला. अणु-रेणूंचं ज्ञान त्या काळी नव्हतंच. आज आपल्याला ठाऊक आहे की गोठताना पाण्याचे रेणू एकमेकांना धरून षटकोनी जाळी करतात. त्या इवल्या षटकोनाचे कोपरे बाहेर डोकावतात, हवेतली वाफ त्यांना आधी मिळते, म्हणून वाढ तिथूनच होते आणि सहा शाखा फुटतात.

हे वाचल्यावर मला हिमफूल परकं वाटेनासं झालं. न पाहिलेल्या गोष्टीचा हिशेब मला माझ्या ताटलीत मांडता येत होता.

आता मण्यांबद्दल. बारीक काचमण्यांना नंबर असतात आणि ते उलटे चालतात: नंबर वाढेल तसा मणी लहान. आठ नंबरचा मणी साधारण ३ मिलिमीटरचा, अकरा नंबरचा २ मिलिमीटरचा, पंधरा नंबरचा दीड मिलिमीटरचा. हिमफुलाला अकरा आणि पंधरा लागतात, शिवाय शाखांसाठी ४ मिलिमीटरचे बायकोन, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळते, पैलू पाडलेले क्रिस्टल. आपल्या बाजारात वजनावर मिळणारे काचमणी रंगाला सुरेख असतात, पण एकाच पुडीत जाड, बारीक, तिरपे, बुजलेल्या भोकाचे असे सगळे निघतात. तोरणाला किंवा लांब माळेला ते चालतात. सहा मण्यांच्या कड्यात मात्र एक मणी जरी जाड आला तरी फूल एका अंगाला झुकतं. म्हणून ते निवडून घ्यावे लागतात, आणि त्यात एक अख्खी दुपार जाते. जपानमधल्या हिरोशिमा भागातल्या मियुकी आणि तोहो या कंपन्यांचे मणी मागवले तर हे काम जवळजवळ राहत नाही. महाग पडतात, पण नाजूक कामाला मी तेच वापरते. चेक मणी किंचित चपटे आणि गुबगुबीत असतात, त्यांचं फूल भरीव दिसतं.

चेक देशाचं नाव निघालंच आहे तर एक सांगते. तिथल्या कर्कोनोशे डोंगरातल्या पोनिक्ला गावी काच फुंकून पोकळ मणी करतात, त्यांना चांदीचा मुलामा देतात आणि ते तारेत ओवून ख्रिसमसच्या झाडासाठी तारे नि फुलं घडवतात. २०२० साली युनेस्कोने ही कला आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. मण्यांना हिवाळ्याचं रूप देणारं एक गाव जगात आहे, याचा मला खरोखर आनंद होतो.

दोऱ्याचा शोध मात्र घराजवळच संपला. साधा शिवणाचा दोरा इथे उपयोगाचा नाही. क्रिस्टलच्या भोकाची कड धारदार असते, ती सूत कापते, शिवाय पावसाळ्यात सुताला बुरशी धरते. तंगूस पारदर्शक असल्यामुळे डोळ्यांना बरा वाटतो, पण तो ताठ असतो, गाठ नीट बसू देत नाही आणि कालांतराने सैलावतो. जगभरच्या मणीकाम करणाऱ्या बायका फायरलाइन नावाची विणीव दोरी वापरतात असं वाचलं होतं. ही मुळात मासे धरण्याची दोरी. मग काय, गोव्यात मासेमारीच्या सामानाच्या दुकानांना तोटा नाही. तिथल्या माणसाने विचारलं, "कुठल्या माशासाठी हवी, बाय?" मी पर्समधून अर्धं झालेलं फूल काढून दाखवलं. त्याने ते तळहातावर घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि स्वतःहूनच सगळ्यात बारीक, सहा पौंड ताकदीची दोरी काढून दिली. पांढरट रंगाचीही होती, पण मी धुरकट राखाडी घेतली, कारण पारदर्शक मण्यातून ती दिसली तरी सावलीसारखी दिसते.

हात धुऊन, मखमलीच्या तुकड्यावर मणी ओतून खिडकीशी बसायचं. मखमलीवर मणी घरंगळत नाहीत आणि सुईच्या टोकाने उचलता येतात. सुई दहा किंवा बारा नंबरची, नेढ्यापाशीही न फुगणारी. दोरी सव्वा मीटर. जास्त घेतली तर गुंता होतो.

पहिलं कडं: अकरा नंबरचे सहा मणी ओवायचे, गोल करून गाठ मारायची आणि सुई पहिल्या मण्यातून पुढे काढायची. दुसरं कडं: एक मणी घ्यायचा, पहिल्या कड्यातल्या पुढच्या मण्यातून सुई काढायची, पुन्हा एक मणी, पुन्हा पुढचा. असे सहा मणी सहा खाचांत बसतात. कडं पुरं झालं की सुई या नव्या सहांतल्या पहिल्या मण्यातून वर आणायची. हे वर चढणं राहून गेलं तर पुढचं कडं सरकतं, म्हणून दर कड्याच्या शेवटी मी मनात "वर" म्हणते. तिसरं कडं: आता तीन-तीन मणी घेऊन एका उंच मण्यातून दुसऱ्या उंच मण्यात जायचं, की सहा कमानी तयार होतात. सुई पहिल्या कमानीच्या मधल्या मण्यातून बाहेर काढून ठेवायची.

आता शाखा. एक बायकोन आणि पंधरा नंबरचे तीन मणी घ्यायचे. ते तीन सोडून सुई बायकोनमधून माघारी आणायची. ओढलं की तीन मण्यांचं टोक होतं. मग कमानीच्या त्याच मधल्या मण्यातून, पहिल्यांदा गेली होती त्याच दिशेने, सुई पुन्हा काढायची. शाखा सरळ उभी राहते. कमान उतरायची, पुढची कमान चढायची, तिच्या मधल्या मण्यावर दुसरी शाखा. सहा झाल्या की तीस अकरा नंबरचे, अठरा पंधरा नंबरचे आणि सहा क्रिस्टल अशा चौपन्न मण्यांचं, अडीच-तीन सेंटीमीटरचं हिमफूल तळहातावर येतं. त्यानंतर दोरा पुन्हा एकदा सगळ्या फुलातून फिरवायचा. हा दुसरा फेरा कंटाळवाणा असतो, पण फुलाला ताठपणा त्यानेच येतो. काही जणी त्याऐवजी पारदर्शक नेलपॉलिश लावतात. मला ते आवडत नाही. काचेवर पातळ पापुद्रा बसतो, आणि काचेचं तेज झाकायचं असेल तर काच घ्यायचीच कशाला?

या सगळ्यात शिकवता न येण्यासारखी गोष्ट म्हणजे दोऱ्याचा ताण. कितीही लिहिलं तरी तो बोटांनाच कळतो. माझ्या सासूबाई, त्यांना मी आई म्हणते, अबोलीची फाती, म्हणजे गजरे, करतात. केळीच्या सोपाच्या ओल्या दोरात अबोलीची देठं अडकवत त्या गप्पा मारत असतात, आणि एकही फूल चेंगरत नाही की एकही निसटत नाही. मी शाखा ओढून घट्ट करत असताना त्या शेजारी येऊन बसल्या. थोडा वेळ बघून म्हणाल्या, "अगो, दोरा ओढू नकोस एवढा. बसव."

"बसवू म्हणजे काय करू, आई?"

त्यांनी माझ्या हातातून फूल घेतलं. डाव्या अंगठ्याने मधलं कडं दाबून धरलं, उजव्या हाताने दोरा वर न ओढता फुलाच्या सपाटीतच, आडवा, हलकेच खेचला. मणी टक् करून जागेवर गेला. "दोर आडवा घ्यायचा. वर घेतलास की फूल मान टाकतं." अबोलीचं हे गणित काचेला जसंच्या तसं लागू पडलं. तेव्हापासून दर शाखेनंतर मी फूल मखमलीवर सपाट ठेवून दोरा आडवा खेचते, आणि फुलं चपटी, ताठ राहतात.

गोल चकत्या करायला घेतल्या तेव्हा सहाचा हिशेब पुन्हा सामोरा आला. दर कड्याला साधारण सहा-सहा मणी वाढवत गेलं तर चकती सपाट होते. कमी वाढवले तर कडा उचलून वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. क्रोशाचा गोल रुमाल विणणाऱ्या बायकांना हे आधीपासून माहीत असतं. मी मुद्दाम तिन्ही प्रकार करून ओळीने मांडून पाहिले. वाटीचे सुंदर झुमके झाले, झालरीचं फूल झालं, पण हिम झालं ते सपाट चकतीचंच.

चकत्या कशाला, तर हिम नेहमी फुलासारखंच नसतं म्हणून. जपानी शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली होक्काइदोच्या प्रयोगशाळेत पहिलं कृत्रिम हिमफूल वाढवलं, तेही सशाच्या एका केसावर. मणी ओवणाऱ्या बाईला हा तपशील कसा विसरता येईल! तापमान आणि हवेतली ओल बदलली की स्फटिकाचा आकार बदलतो, हे त्यांनी दाखवलं. शून्याखाली २ अंशांच्या आसपास चकत्या, ५ अंशांपाशी सुया आणि खांब, १५ अंशांपाशी फांद्याफांद्यांची मोठी फुलं. हे कळलं आणि माझ्या गळ्यातल्या हाराची मांडणी सुचली. मानेपाशी छोट्या चकत्या, खांद्यावरून उतरताना सुया, आणि मध्यभागी फूल, जणू वरून खाली गारठा वाढत येतो. सुयांसाठी काचेच्या लांबट नळ्या घेतल्या. या नळ्यांची टोकं कापलेली असतात आणि दोरा कुरतडतात, म्हणून प्रत्येक नळीच्या दोन्ही बाजूंना एकेक पंधरा नंबरचा मणी हवाच. तो मणी पुढे दवाच्या थेंबासारखा दिसतो, हा वरचा लाभ.

रंगाबाबत माझं मत ठाम आहे. हिम पांढरं दिसतं, पण प्रत्येक स्फटिक पारदर्शक असतो. असंख्य पृष्ठभागांवरून प्रकाश विखुरतो, म्हणून डोळ्याला पांढरं दिसतं. त्यामुळे नुसत्या खडूसारख्या पांढऱ्या मण्यांचं हिमफूल मला निर्जीव वाटतं. मी मधल्या कड्याला धुरकट मॅट मणी घेते, कमानींना स्वच्छ पारदर्शक, आणि टोकांना किंचित इंद्रधनुषी लेप असलेले, ज्यांना दुकानदार एबी म्हणतात. आतून चंदेरी अस्तर असलेले मणी पहिल्या दिवशी डोळे दिपवतात, पण आमच्या खाऱ्या, दमट हवेत अस्तर काळवंडतं. कानातल्या हुकांचंही तसंच. स्वस्त धातूचे हुक पावसाळ्यात हिरवे पडतात, म्हणून मी स्टेनलेस स्टीलचेच लावते आणि तयार दागिने सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद डब्यात ठेवते.

पौषात आई हलव्याचे दागिने करायला बसल्या तेव्हा मी माझी मखमल त्यांच्या शेजारीच पसरली. नणंदेच्या बाळाचं बोरन्हाण होतं. हलवा मी लहानपणापासून पाहत आले, पण त्या दिवशी तो निराळ्या डोळ्यांनी पाहिला. मंद आचेवरच्या परातीत तीळ, खसखस किंवा साबुदाणा, त्यावर साखरेचा पाक थोडा थोडा, आणि हात सतत फिरता. पाकाचा प्रत्येक थर सुकतो तसतसा दाण्यावर काटा चढतो. दमट हवेत काटा धरत नाही, कोरडी थंडी लागते, असं आई सांगतात. म्हणजे बीज एक, त्याच्याभोवती थोडी थोडी साखर जमत जाते, आणि आकार ठरतो तो हवेवर. हिमफुलाचा जन्म याहून फार वेगळा नाही. आपल्याकडे हिवाळ्याचे दागिने पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत, पांढरे, काटेरी, स्फटिकांचे, आणि ते घालायचे काळ्या कापडावर.

काळ्या रंगाचं महत्त्व बर्फाच्या देशातल्या एका शेतकऱ्यानेही ओळखलं होतं. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, जेरिको गावी राहणाऱ्या विल्सन बेंटलीने १५ जानेवारी १८८५ रोजी, म्हणजे आपल्या संक्रांतीच्याच सुमारास, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमफुलाचा फोटो काढला. पुढे त्याने असे ५,००० हून अधिक फोटो काढले. पांढरं फूल उठून दिसावं म्हणून तो फोटोच्या काचेवर बारीक पात्याने फुलाभोवतीचा भाग खरवडून पार्श्वभूमी काळी करायचा. एकेका फुलाभोवती असं तासन्‌तास कोरत बसणारा माणूस मला आपल्या जातकुळीतला वाटतो.

म्हणून हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं हे ठरवायला मला वेळ लागला नाही. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत आमच्या वाड्यावर रोज कुणाकडे तरी हळदीकुंकू असतं, आणि वाणात स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे, कंगवे येतात. मी प्रत्येकीसाठी एकेक हिमफूल केलं, काळ्या रेशमी गोफात ओवलं आणि तिळगुळाच्या पुडीसोबत दिलं. एवढी फुलं करताना हात आपोआप चालू लागला. मधलं कडं, खाचा, कमानी, शाखा, "वर". वहिनींनी ते तिथल्या तिथे काळ्या साडीवर घातलं. शेजारची दहावीतली मुलगी पुढच्या रविवारी सुई घेऊन दारात हजर झाली. तिला क्रिस्टल आधी हवे होते, मी तिला आधी वजनावरच्या पुडीतले मणी निवडायला बसवलं. डोळा तिथेच तयार होतो, आणि कुठला मणी कड्यात बसणार नाही हे ती आता माझ्याआधी सांगते.

सध्या मी बारा शाखांच्या फुलावर काम करते आहे. निसर्गात तीही सापडतात, क्वचित. दोन स्फटिक सुरुवातीलाच एकमेकांना चिकटतात, एक दुसऱ्याच्या तुलनेत ३० अंशांनी फिरलेला, आणि दोघंही आपापल्या सहा शाखा वाढवतात. मण्यांत हे करायला दोन पूर्ण फुलं लागतात. खालचं फूल क्रिस्टलच्या लांब शाखांचं, वरचं पंधरा नंबरच्या मण्यांचं, आखूड. वरच्या फुलाच्या शाखा खालच्या दोन-दोन शाखांच्या मधोमध पडल्या पाहिजेत, म्हणून जोड पहिल्या कड्यात न देता दुसऱ्या कड्याच्या सहा मण्यांत द्यायचा असं ठरवलं आहे. तिथे आधीच दोऱ्याचे दोन फेरे गेलेले असतात आणि बारा नंबरची सुई अडते, त्यामुळे आणखी बारीक, तेरा नंबरच्या सुया मागवल्या आहेत. त्या आल्या की पहिलं फूल आईंच्या मोत्यांच्या कुड्यांच्या मापाचं करणार आहे. माप त्यांनी स्वतःच काढून दिलं आहे.